पायऱ्या मोजा, मग घुमटावर लिहा

मंडळी, आपली वास्तुपत्रकारिता, म्हणजे इमारतींबद्दलचं लिखाण, कोण वाचतं, ज्येष्ठ आणि बायका वाचतात का, हे आपण संकेतस्थळाच्या वाचकांच्या तक्त्यावरून ठरवतो. आधी त्या तक्त्याचंच बघू. गुगल अ‍ॅनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनातलं वाचकाचं वय आणि लिंग आपण त्याला विचारून घेतलेलं नसतं. खात्याची माहिती आणि इंटरनेटवरच्या सवयी यांवरून बांधलेला तो अंदाज. संख्या थोडी असली की तक्ता ती लपवतो. मोबाइल आजोबांच्या खात्यावर आणि वाचणारी नात, तर नोंद आजोबांची. शेवटचा गट ‘६५ आणि पुढे’! म्हणजे स्कूटरवर नागपूरच्या बर्डीला (सीताबर्डी बाजारात) जाणारे ६६ वर्षांचे गृहस्थ आणि जिना उतरणं बंद झालेल्या ८५ वर्षांच्या आजी एकाच रकान्यात.

म्हणून तक्त्यापेक्षा मजकूर तपासा. नागपूर हायकोर्टाची १९४०ची इमारत हेन्री मेड यांची. तिच्यावरचा लेख घुमट आणि दगडापाशी संपला, तर पत्रं येणार वास्तुविशारदांची आणि विद्यार्थ्यांची. तारखेला आलेल्या बाईला बसायला सावली कुठे, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, हेही वास्तूबद्दलचंच लिखाण आहे.

पाहणीला जाताना टेप न्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे निवासी जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, सार्वजनिक इमारतीत १५०. रॅम्पचा उतार १:१२. म्हणजे दोन फूट जोतं चढायला २४ फूट लांबी हवी. दारापुढे आठ फुटांचा उतार दिसला की आपण ‘रॅम्पची सोय’ लिहून मोकळे होतो. तो उतार १:४ भरतो आणि त्यावर व्हीलचेअर ढकलताना ढकलणाराच मागे घसरतो. हे आकडे छापले की ज्येष्ठ वाचक स्वतःच्या सोसायटीचा जिना मोजू लागतात. दुसरी फेरी संध्याकाळी साडेसातनंतर मारा आणि पार्किंगपासून दारापर्यंत चाला. दिवा कुठे नाही, ते दुपारच्या फोटोत कसं दिसणार?

नकाशाचं वेगळंच दुखणं. ए-थ्री कागदावरचं रेखाटन मोबाइलवर आलं की खोल्यांची नावं मुंग्यांसारखी दिसतात. चार-पाचच नावं ठेवा, ठळक अक्षरात, मापं फुटांत.

‘बायका प्रतिक्रिया देत नाहीत’ असं आपण म्हणतो, ते मला पटत नाही. पूर्ण नावानिशी, सगळ्यांसमोर लिहायला लावलं तर अनेकजणी गप्प बसतात आणि लेख मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकतात. आपल्या मोजणीत त्यांचं मत येतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक द्या, नाव विचारूनच छापा, व्हॉइस नोट चालेल असं स्पष्ट लिहा. टायपिंगला कंटाळणारे ज्येष्ठही मग बोलतात. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतला अमुक वाडा कधी विकला गेला, हे ते छातीठोकपणे सांगतील. छापण्याआधी मात्र सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून फेरफाराची, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीची, तारीख बघा.

हेरिटेज वॉक, म्हणजे जुन्या वास्तू दाखवणारी पायी फेरी, तिच्या वेळेचंही तसंच. रविवारी सकाळी साडेसहा ठेवली की निवृत्त मंडळी वेळेआधी हजर, आणि ज्यांच्या गळ्यात घरचा चहा-नाश्ता आहे त्या घरीच. थंडीत दुपारी चारची वेळ ठेवून बघा. मे महिन्यात मात्र चार वाजता नागपुरात कोणी फिरकणार नाही. तेव्हा वॉक बंद ठेवून एखादी कूलरची सोय असलेली जुनी इमारत आतून दाखवा.