शपथ नको, केसपेपर काढा

मागच्या रांगांतल्या मंडळींनी पुढे यायला हरकत नाही. विषय संसर्गजन्य नाही. संयोजकांनी पत्रिकेत ‘एक नाजूक विषय’ एवढंच छापलंय, त्यामुळे कोणी मूळव्याधीवरचं व्याख्यान समजून आलं असेल तर त्यांनीही बसावं, पंखे चांगले आहेत.

लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं आणि त्यासाठी मदत घेणं, असा आजचा विषय. दहा मिनिटं पॉर्न बघू म्हणून मोबाईल हातात घ्यायचा आणि पहाटेचे चार वाजायचे. पगार झाला की दोन-चार दिवसांत त्यातला मोठा वाटा मसाज पार्लरमध्ये नाहीतर पैसे भरून केलेल्या व्हिडिओ कॉलवर जायचा. ऑफिसात पुन्हा पुन्हा फोन घेऊन टॉयलेट गाठायचं. आणि दर वेळी स्वतःला सांगायचं, ‘हे शेवटचं.’ बायकांनाही हा त्रास होतो. त्या फक्त आणखी उशिरा बोलतात, कारण त्यांना द्यायची शिवी समाजाकडे तयारच असते.

त्या ‘शेवटचं’वर माझा राग आहे. आपल्याकडे या त्रासावर पहिला इलाज म्हणजे शपथ. आईची शपथ, मुलाच्या डोक्यावर हात, मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाला चालत, नाहीतर ‘आता श्रावण पाळतो’. देवाधर्माला माझा विरोध नाही, चालणं तब्येतीला चांगलंच. पण शपथेचं काय होतं ते नीट बघा. घेतली त्या रात्री एकदम हलकं वाटतं आणि माणूस त्या हलकेपणालाच बरं होणं समजतो. बदललेलं काहीच नसतं: फोन उशाशीच, झोप अपुरी, बॉसशी भांडण तसंच. काही दिवसांनी एका रात्री दहा मिनिटं पाय घसरतो. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, पण शपथ मात्र सगळीच्या सगळी मोडते. मग ‘मोडलीच आहे तर’ म्हणत रात्र जाते, शनिवार-रविवार जातो. ॲलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारूच्या बाबतीत हे नेमकं मांडलं होतं. पहिल्या घोटाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, नुकसान ‘आपण संपलो’ या विचाराने होतं. त्यात लाज येते. लाज ही दुखरी गोष्ट, आणि या माणसाला दुखण्यावर एकच औषध माहीत असतं. ते तो पुन्हा घेतो.

शपथेने भागलं नाही की मुंबईचा माणूस वर बघतो. लोकलमध्ये उभं राहून वर बघितलं की काय दिसतं? हसू नका, तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. ‘गुप्तरोग, धातुरोग, बचपन की गलतियाँ, शर्तिया इलाज.’ शेजारी बाबा बंगाली, बारा तासांत वशीकरण. रेल्वे खरवडते, दुसऱ्या दिवशी नवे स्टिकर. १९५४ साली आपण यासाठी कायदा केला. औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा. त्यात लैंगिक सुख वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला स्पष्ट बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्टिकर वाचून झालं की ही तरतूद आठवत चला. प्रवास छान होतो.

त्या स्टिकरमागच्या खोलीत काय होतं? आठवड्यातून दोनदा हस्तमैथुन करणारा, कसलाही आजार नसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे जातो आणि ज्याचा संसार मोडायला आलाय असा चाळिशीचा गृहस्थही तिथेच जातो. दोघांना एकच चूर्ण मिळतं, तेही ताकद वाढवणारं. म्हणजे ज्याची तक्रार ‘इच्छा आवरत नाही’ अशी, त्याला इच्छा वाढवण्याचं औषध! अशा चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, न सांगता मिसळलेलं सापडतं. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते खाल्लं तर रक्तदाब धोकादायक पातळीला कोसळू शकतो.

आणि हे कुठल्या शहरात? र. धों. कर्व्यांच्या. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्या माणसाने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. तरी दंड झालाच. उत्तर देणाऱ्याला दंड झाला आणि स्टिकरवाले आजही फुकट प्रवास करतात, यावर मी आणखी अर्धा तास बोलू शकते. पण संयोजक मनगटाकडे बघतायत आणि मुख्य मुद्दा अजून सांगायचाय. तर भराभर.

पहिलं म्हणजे, आजार कधी म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, याला आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत जागा मिळाली आहे. व्यसन म्हणावं की नाही यावर डॉक्टरांत वाद आहे, तो त्यांना घालू द्या. किती वेळा, हा निकष नाही. साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा राहत नाही, तब्येत, काम, नाती यांकडे दुर्लक्ष होतं, सोडायचे प्रयत्न फसतात, नुकसान दिसत असून किंवा सुखही मिळेनासं झालं असूनही चालूच राहतं, आणि यातून जगण्याची ठळक हानी किंवा खरा क्लेश होतो, हे बघतात. ‘मी पापी आहे’ एवढ्याच कारणाने होणारा त्रास त्यात धरत नाहीत. समलैंगिक असणंही यात येत नाही. ते ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून उलटं फिरा.

दुसरं, केसपेपर. केईएम, नायर, सायन, जेजे, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळच्या ओपीडीला जा. खिडकीवर फक्त ‘सायकियाट्री’ म्हणा, तक्रार तिथे सांगायची नसते. मागे उभ्या माणसाला काही कळत नाही, सायकियाट्रीत झोप न येणारेही येतात. आत शिकाऊ डॉक्टर असतील, पडद्यापलीकडे दुसरा पेशंट असेल. ‘मला तुमच्याशी एकट्यात बोलायचंय’ असं सांगा, तसं सांगता येतं. मग आढेवेढे न घेता चार वाक्यं: काय करतो, आठवड्याला किती तास आणि किती पैसे जातात, त्याने काय बिघडलं, आतापर्यंत काय करून पाहिलं. बहुतेक जण डोकेदुखीपासून सुरुवात करतात आणि मूळ गोष्ट दाराच्या कडीला हात लावताना सांगतात. तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो.

जायच्या आधी दोन आठवडे छोट्या वहीत नोंद ठेवा. वार, वेळ, जागा, किती मिनिटं, किती रुपये आणि मुख्य म्हणजे त्याच्या तासभर आधी काय चाललं होतं. कोणाचं नाव, कसलं वर्णन लिहू नका. वही घरात कोणाच्याही हाती लागू शकते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. हे मी उगाच सांगत नाही. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही जणांत लैंगिक आवेग आणि जुगार अचानक वाढतो. सत्तरीच्या आजोबांचं ‘आता हे काय सुरू झालं’ म्हणून घर हादरतं आणि कारण गोळीच्या पाकिटात असतं. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारून कमी करायची. डॉक्टर झोप न लागताही उत्साह असणं, बेफाट खर्च, भराभर बोलणं यांबद्दलही विचारतील. बायपोलर आजारातल्या मेनियात, म्हणजे अति उत्साहाच्या काळात, हे सगळं एकत्र दिसतं आणि तिथे उपचार वेगळे. आत्महत्येचे विचार येतात का, असं विचारलं तर खरं सांगा.

खाजगीत जायचं तर मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहू शकणारा डॉक्टर, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो. विचारा, कोणी रागावत नाही. रागावलं तर तेच उत्तर समजा.

तिसरं, समुपदेशनात काय होतं. उपदेश होत नाही. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास. तुमच्या वहीतून साखळी काढतात: सासऱ्यांचा फोन, मग चिडचिड, मग रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी फोन. साखळी शेवटी तोडणं अवघड, आधीच्या कड्या सोप्या. फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत, यूपीआयची रोजची मर्यादा कमी, ठरावीक ॲप काढून टाकणं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असतील तर ‘फोन दुसऱ्या खोलीत’ हा सल्ला हास्यास्पद आहे. तिथे रात्री दहानंतर फोन भावाकडे द्यायचा. आवेगाशी झटापट करायची नाही, तो बघत बसायचं. वीस-तीस मिनिटांत तो बहुतेकदा चढून उतरतो, हे अंगाने अनुभवावं लागतं. आणि घसरलात तर शपथ नाही, वहीत एक ओळ.

फसतं कुठे? तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर बरं वाटतं आणि माणूस येणं बंद करतो. किमान दहा-बारा भेटींआधी निकाल लावू नका. नाहीतर पॉर्न अडवणारा नुसता ब्लॉकर टाकला, पण चिडचिडीचं काही केलं नाही. नाहीतर हे सुटलं आणि दारू सुरू झाली. औषधांत नैराश्याच्या गोळ्या किंवा नाल्ट्रेक्सोन, म्हणजे दारूच्या व्यसनातही देतात ते औषध, देतात. खास याच आजारासाठी मंजूर झालेली गोळी नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम कळायला काही आठवडे लागतात, आणि नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर अफूजन्य वेदनाशामकं चालत नाहीत, हे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं.

चौथं, घर. एका रात्री दारं लावून बायकोला सगळं सांगून टाकू नका. तुमचं ओझं उतरतं, तिच्यावर पडतं. काय, किती, कधी सांगायचं हे समुपदेशकाबरोबर बसून ठरवा. मात्र बाहेर असुरक्षित संबंध आला असेल तर तपासणी थांबत नाही, तिचीही नाही. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आहे. प्रसंग ७२ तासांच्या आतला असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. संसर्ग टाळणारं औषध २८ दिवसांचं असतं आणि जितकं लवकर तितकं बरं. तोवर कंडोम. वहिनींना एवढंच सांगते, तुम्ही त्याच्या फोनच्या पोलीस नाही. तुम्हाला वेगळा समुपदेशक हवा.

पाचवं, गट. बारा पायऱ्यांचे स्वयंसहाय्य गट आहेत, ऑनलाइन बैठकाही होतात, फी नसते. जाण्याआधी त्यांची ‘संयमा’ची व्याख्या विचारा. सेक्साहोलिक्स अनॉनिमसमध्ये हस्तमैथुन आणि विवाहाबाहेरचा कुठलाही संबंध म्हणजे संयम मोडला. सेक्स ॲडिक्ट्स अनॉनिमसमध्ये मर्यादा ज्याची त्याने ठरवायची. आपल्याला न झेपणारी व्याख्या घेतली की पुन्हा शपथेचाच खेळ.

गुप्ततेबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवावी लागते. कोणाच्या जिवाला धोका असला, तर अपवाद. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली तर पोक्सो कायद्याखाली कळवावंच लागतं. हे समुपदेशकाकडून पहिल्याच भेटीत ऐकून घ्या. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून कोणी पैसे मागत असेल तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. ओपीडीपर्यंत जाणं आज जमत नसेल तर टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

वेळ संपली, चिठ्ठ्या घेते. सगळ्यांची सुरुवात ‘माझ्या एका मित्राला’ अशी आहे. फार मित्र आहेत सभागृहात. हे विचारतात, ऑफिसला कळेल का? तुमच्या संमतीशिवाय इस्पितळ ऑफिसला सांगत नाही, आणि रजेसाठी सर्टिफिकेट लागलं तर त्यावर किती तपशील लिहायचा हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. दुसरी चिठ्ठी: पूर्ण बरं झाल्यावर सेक्स कायमचा बंद का? छे, उलट तोच नीट जमावा म्हणून हे सगळं. तिसरी: मित्राला गोळ्या चालू असताना शनिवारी एक पेग चालेल का? मित्राला सांगा, नाही. पुढची चिठ्ठी द्या.