तेरा बाय सतराची चौकट

नमस्कार श्रोतेहो. कपाटातली निगेटिव्हची पिशवी काढलीत, तर पस्तीस मिलीमीटरच्या पट्ट्यांमध्ये बोटाएवढ्या रुंदीची, एकाच कडेला भोकं असलेली एखादी पट्टी सापडेल. ती ११० नावाच्या छोट्या फिल्मची. अशा निगेटिव्ह घरी स्कॅन कशा करायच्या, ते आज बघू. कोडॅकने १९७२ मध्ये हा प्रकार आणला. चौकट जेमतेम १३ बाय १७ मिलीमीटर, म्हणजे पस्तीसच्या पाव हिस्सा. म्हणून कचरासुद्धा चौपट दिसतो.

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती वेगळी ठेवा आणि तिचंच काम पहिलं करा. उष्णतेने ही कूज वाढते, आणि स्लॅबखालच्या माळ्यावर नागपूरचा मे महिना काय करतो ते तुम्हाला मी कशाला सांगू!

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, हे काम काढूच नका. कोरड्या हवेत फिल्म पुसली की स्थिर वीज तयार होते आणि धूळ येऊन चिकटते. कुलरसमोर तर नकोच. पोळ्याच्या सुमारास, पावसाने धूळ बसलेली असते तेव्हा, पंखा बंद करून बसावं. फिल्मवर फुंकर मारू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर वापरा.

ऑफिसातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह निघत नाही, तिला पलीकडून उजेड लागतो. झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा. ११० ची पट्टी धरायची चौकट त्यासोबत सहसा येत नाही. काळ्या पुठ्ठ्याची कापून घ्या. फिल्म थेट काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात. २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरले तर, सुमारे १६०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ते पुरे. आकडा वाढवून बहुतेक वेळा फिल्मचे दाणेच मोठे होतात, असं माझं मत. आणि धूळ घालवणारी इन्फ्रारेडची सोय कृष्णधवलला लावू नका. तिथली चांदी ते किरण अडवते आणि स्कॅनर चित्रालाच डाग समजतो.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते, त्यामुळे रंग जुळवणं किचकट. फोटोत रंगाची खात्री असलेलं काहीतरी शोधा. मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचा फोटो असेल तर सोनं! काळ्या मारबतीवरून काळा ठरवा, मग पिवळी हिरवट दिसते का ते बघा. दोघी जमल्या की चेहरेही बरेचसे ठिकाणावर येतात. साडी मोरपंखी होती की हिरवी, हे मात्र घरातल्या बायकांनाच विचारा.