कात्री हातात घेतलेली मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

१९१५ साली लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघात झाला आणि त्यात एल्मर बूथ हा मूकपटांतला नट गेला. घर त्याच्याच कमाईवर चालायचं. धाकटी बहीण मार्गारेट तेव्हा १७ वर्षांची. एल्मरने ज्यांच्याकडे काम केलं होतं, त्या दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी तिला कामावर घेतलं. काम काय, तर फिल्मचे तुकडे जोडायचं.

तेव्हा निगेटिव्हच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मच्या, काठावर आकडे छापलेले नसत. प्रिंटमधली, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या प्रतीतली, एखादी फ्रेम निगेटिव्हमध्ये नेमकी कुठे आहे, ते नुसत्या नजरेने ओळखायचं. समजा, मूकपटांतल्या अभिनेत्री लिलियन गिश यांचा क्लोजअप आहे. फूटच्या फूट फिल्म, आणि चेहरा तोच. कुठे पापणी जराशी लवली, कुठे बोट हललं, एवढ्यावरून जागा शोधायची. कधी निगेटिव्हवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडला, की जीव भांड्यात पडायचा.

हे काम हलक्या हाताचं, शिवणटिपणासारखं समजलं जाई, म्हणून कटिंग रूममध्ये बायका पुष्कळ असत. पुढे त्याला मान आणि पैसा आला, तसे पुरुष वाढले. मार्गारेट मात्र टिकली. कशी टिकली, ते मला फार मोलाचं वाटतं.

नंतर ती लुई बी. मेयर यांच्या स्टुडिओत दिग्दर्शक जॉन स्टाल यांच्या हाताखाली आली. संध्याकाळी सगळे घरी गेले की टाकून दिलेले तुकडे घेऊन बसायची. कापायची, जोडायची, पुन्हा उसवायची. मूकपटाला आवाज नाही, म्हणून मनातल्या मनात ताल मोजायची, एक, दोन, तीन, आणि त्या ठेक्यावर कात्री चालवायची. एकदा एक प्रसंग स्टाल यांच्या काही केल्या मनासारखा जुळेना. तिने रात्री जोडून ठेवलेला त्यांनी पाहिला, आणि तोच चित्रपटात घेतला.

मग बोलपट आले. १९३५च्या 'म्युटिनी ऑन द बाउंटी'साठी संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. १९३९पासून १९६८पर्यंत मार्गारेट बूथ एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या प्रमुख संकलक होत्या. १९७८ साली मानद ऑस्कर मिळालं, तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतरही काही वर्षं संकलनाचं काम पाहत राहिल्या.