दोन खांब, फक्की आणि कॅमेरा

(पहाट. रिकामं मैदान. डबा हलवत एक मुलगी फक्कीची रेघ मारते आहे.)

दोन खांब, पोतंभर फक्की आणि पळायला मोकळी जमीन. खो-खोला याहून जास्त काही लागत नाही. नियमही नवख्याला पाच मिनिटांत सांगून होतात. त्यापुढे क्रिकेटमधला पायचीत घ्या! जन्मभर सामने बघणाऱ्यांनाही तो धड समजावता येत नाही. स्वस्त आणि सोपा तोच खेळ देशभर गाजायचा असता, तर ही मुलगी आज टीव्हीवर दिसली असती.

(सराव सुरू.)

आधी खेळ बघून घ्या. मधल्या पट्ट्यात आठ जणी बसल्यात; एकीचं तोंड इकडे, शेजारचीचं तिकडे. नववी पाठलागावर. तिनं एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागं वळायचं नाही, मधला पट्टा ओलांडायचा नाही. पळणाऱ्या तिघींना मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणून मग पाठीवर थाप, ‘खो’, आणि पाठलाग पलीकडच्या बाजूला.

आता ही बघा. एका हातानं खांब धरलाय, अख्खं अंग हवेत आडवं, दुसरा हात पुढचीच्या टाचेवर. गडी बाद. खांब एवढ्याच पट्ट्यात काळा, गुळगुळीत झालाय. रोज इतके हात त्यावरून फिरतात.

खरं सांगायचं तर, तीन कॅमेरे लावूनही निम्मे गडी बाद होताना आमच्या हातून सुटले. इथे चेंडू नाही, त्यामुळे कॅमेऱ्यानं कुणाच्या मागं जायचं हेच कळत नाही. आणि खेळ थांबत नाही. नऊ मिनिटांचा डाव सलग चालतो, श्वास घ्यायलाही फट नाही.

क्रिकेटमध्ये फटीच फटी. षटक संपतं, क्षेत्ररक्षक जागा बदलतात, तेवढ्यात एक साबण विकून होतो. पन्नास षटकांच्या सामन्यात असं शंभराच्या आसपास वेळा. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या, तेव्हा त्यांना हवा तसा खेळ आयता तयार होता.

वेळेचंही नशीब असतं. हॉकीनं १९७५ मध्ये विश्वचषक जिंकला, तो देशानं रेडिओवर ऐकला. १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड्सवर कपिल देवच्या हातात चषक दिसला. ऐकणं आणि दिसणं यातलं अंतर हॉकीला पुढं कधी कापता आलं नाही. त्यात १९७६ च्या ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली. ते गवत आपल्याकडे होतं कुठे?

कबड्डीही आपल्याच मातीतली. पण तिचं बरं जमलं. एक चढाई, तीस सेकंद, एकाच खेळाडूवर नजर. तो परतला की क्षणभर उसंत. १९९० मध्ये ती आशियाई स्पर्धेत गेली आणि खेळाडूला पदकाचं, नोकरीचं दार उघडलं. मातीची मॅट झाली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, आणि आमच्या मावश्यासुद्धा ‘सुपर टॅकल’ म्हणू लागल्या.

खो-खोला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये नियम मिळाले. व्यावसायिक लीग मिळाली ती २०२२ मध्ये. लीगसाठी डाव सात मिनिटांवर आला, कुठल्याही दिशेला पळू शकणारा ‘वझीर’ आला. जुन्या पंचांना तो अजून रुचत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारतानं नेपाळला हरवून जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

शाळेचं शिक्षण संपलं की या मैदानावरच्या कितीतरी मुली खेळही सोडतात.

(संध्याकाळ.)

खांब उपटून भिंतीला टेकवलेत. फक्कीच्या रेघांवरून पाण्याची झारी फिरते आहे. दोघं जण मैदानाच्या मधोमध बावीस यार्ड मोजतायत. उद्या सकाळपासून इथे टेनिस बॉलचे सामने आहेत.