मुठेल आणि ओले हात

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘हातांसाठी नैसर्गिक लोशन : घरच्या घरी’ असा लिहिला आहे आणि ते कसे करायचे हे मी सांगणारच आहे. कृतीला दहा मिनिटे पुरतील. मात्र त्याआधी मला एका साध्या गोष्टीविषयी सविस्तर बोलायचे आहे, कारण ती ध्यानात आली नाही तर कितीही चांगले जिन्नस आणले तरी हात कोरडेच राहतात. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, पण ही गोष्ट मी प्रथम पाहिली ती आजीच्या पडवीत.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, उतरवले की अंगणात आमसुलांची वाळवणे पडत. साले मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची हे आपणा सर्वांना माहीत आहे. बियांचे काय होते हे मात्र आता कोकणातल्याही पुष्कळ घरांत कोणी विचारत नाही. आजी त्या बियांना चुलीतली राख चोळून त्यांचा बुळबुळीतपणा घालवी, कडकडीत उन्हात वाळवी आणि डब्यात भरून ठेवी. पुढे सवडीने टरफले फोडून आतला गर उखळात कुटायचा आणि मोठ्या टोपात पाण्यात घालून मंद आचेवर उकळत ठेवायचा. रात्रभर टोप निवला की सकाळी पाण्यावर पांढरट स्निग्ध थर गोठलेला असे. तो अलगद काढून, वितळवून, फडक्यातून गाळून अर्धवट गोठला की आजी मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळी. मुठीत वळलेले तेल म्हणून ते मुठेल. गोव्याकडे कोकमाला भिरंड म्हणतात, म्हणून तिथे ते भिरंडेल. बाजारात आपण नुसते कोकमतेल म्हणतो. तेल म्हटले तरी ते द्रव नसते. त्यातली निम्म्याहून अधिक स्निग्धाम्ले स्टिअरिक जातीची आणि उरलेली बहुतेक ओलेइक जातीची असल्यामुळे ते साधारण चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे कोकणातल्या उन्हाळ्यातही फडताळात घट्ट राहते.

लावणीच्या दिवसांत शेतावरच्या बाया संध्याकाळी पडवीत येत. दिवसभर चिखलात राहिलेले त्यांचे हात पांढरे पडलेले असत आणि बोटांच्या पेरांवर भेगा असत. आजी त्यांना आधी कोमट पाण्याने हात धुवायला लावी आणि पळीत वितळवलेले मुठेल ओल्याच हातांवर घाली. कोणी पदराला हात पुसू लागली की ती लगेच अडवी. “पुसू नको गो. कोरड्या हाताला लावून काय उपयोग? ओल आत राहायला हवी ना!” मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मला वाटे की पाणी आणि तेल कधी मिसळत नाहीत, मग ओल्या हाताला तेल चिकटेल कसे? दुसऱ्या दिवशी त्याच बायांच्या भेगा मऊ पडलेल्या दिसत, आणि पुढे कित्येक वर्षे या प्रश्नाने मला सोडले नाही.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध द्रव्ये. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात आणि बाहेरचा चुना ते पाणी उडू देत नाही. कातडी मऊ राहते ती या पाण्यामुळे. वाळलेल्या कातड्याचा तुकडा नुसत्या तेलात ठेवला तर तो हवा तसा मऊ होत नाही, पाण्यात ठेवला तर होतो. म्हणजे मऊपणा पाण्याचा आणि राखण तेलाची. साबण आणि वारंवार धुणे यांमुळे चुना निघून जातो, पाणी धरणारे पदार्थही वाहून जातात, आणि म्हणूनच दिवसभर पाण्यात काम करणाऱ्यांचे हात सर्वांत जास्त कोरडे पडतात. त्यातून तळहातांना आणि तळपायांना तैलग्रंथी मुळातच नसतात. चेहरा स्वतःचे तेल स्वतः तयार करतो, तळहाताला मात्र ते बाहेरूनच द्यावे लागते. या सभागृहात बसलेल्या ज्या भगिनी दिवसातून पाच वेळा भांडी घासतात, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आता माझी तक्रार. घरगुती लोशनच्या म्हणून ज्या कृती आज घरोघरी फिरतात, त्यांतल्या बहुतेकांत कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी आणि खोबरेल एकत्र घुसळायला सांगतात, वरून ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घालायला सांगतात आणि ‘सहा महिने टिकते’ असे छातीठोकपणे लिहितात. एका दिवाळीत मी स्वतः असे लोशन केले. मिक्सरमधून निघालेला तो पांढराशुभ्र, हलका फेस पाहून मला इतका आनंद झाला की मी बारा बाटल्या भरून शेजाऱ्यांना फराळाच्या ताटाबरोबर दिल्या. आठव्या दिवशी शेजारच्या वहिनी बाटली घेऊन आल्या. खाली पाणी, वर तेल आणि झाकणाच्या कडेला हिरवट काळे ठिपके. त्यांच्या बोटांना भेगा होत्या आणि त्यावर त्या ते रोज लावत होत्या. मी प्रत्येक दारी जाऊन उरलेल्या बाटल्या परत मागून आणल्या. ज्याने आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवले, त्याच्या हातून हे घडले याचे मला आजही वाईट वाटते. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते. बुरशीला आणि जीवाणूंना ते अडवत नाही. जिथे पाणी आहे तिथे त्यांची वाढ होणारच, आणि डोळ्यांना दिसणारी बुरशी तर पुष्कळ उशिरा येते.

कारखान्यातल्या लोशनमध्ये पाणी आणि तेल एकजीव ठेवणारे पायसकारक द्रव्य असते आणि बुरशी-जीवाणूंना रोखणारे परिरक्षक असते. त्यांच्यावाचून ते लोशन टिकणार नाही. या प्रश्नाशी माणूस फार पूर्वीपासून झगडतो आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलन या वैद्याने मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून जे मलम केले, ते आजच्या कोल्ड क्रीमचे पूर्वज मानले जाते. त्यातले पाणी उडताना कातडीला गार वाटते, म्हणून ते ‘कोल्ड’. आपल्याकडे आयुर्वेदात तूप शंभर वेळा पाण्याने धुऊन शतधौत घृत करतात. तांब्याच्या ताटात घोटता घोटता त्या तुपाचे पांढरे मऊ लोणी होते. शतधौत घृतावर स्वतंत्र व्याख्यान होईल, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि माझ्याकडे सात-आठ मिनिटेच उरली आहेत, तेव्हा कृतीकडे वळतो.

माझे म्हणणे असे की पाणी डबीत भरूच नये, ते हातावर घ्यावे. कोकमतेल 25 ग्रॅम, तिळाचे तेल 70 ग्रॅम आणि मधमाश्यांचे शुद्ध मेण 5 ग्रॅम घ्यावे. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणून थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून आधी मेण, मग कोकमतेल वितळवावे आणि शेवटी तीळतेल घालावे. एक थेंब थंड ताटलीवर टाकून पाहावा. कडक वाटला तर थोडे तेल वाढवावे, पातळ वाटला तर चिमूटभर मेण. उतरवल्यावर निवेपर्यंत ढवळत राहावे म्हणजे रवाळ होत नाही. डबी कोरडी ठणठणीत हवी आणि ओले बोट त्यात कधीही घालू नये. कोरड्या चमच्याने काढावे.

तिळाऐवजी खोबरेल चालेल, पण ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, तेव्हा नाशिक-पुण्याच्या थंडीत मेण घालूच नये. ग्लिसरीन हवे असेल तर ते या मिश्रणात घालू नये, तेलात ते मिसळत नाही. तळहातावर दोन थेंब पाण्यात कालवून आधी ते लावावे आणि वर हे मलम. लिंबाचा रस घालायला कोणी सांगितले तरी घालू नये, भेगांना झोंबतो आणि उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

मी काल केलेली एक डबी आणि आजीच्या पद्धतीने वळलेले दोन मुठेल बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, शेजारी चमचाही आहे. दाराजवळच नळ आहे. हात धुऊन, न पुसता या.