आमसुलाचं पाणी : कोकणातल्या कॉलेजच्या मुलांच्या ताणाविषयी

(पहाट. देवळासमोर उभी असलेली लाल एसटी. इंजिन सुरू होतं.)

हिला आमच्याकडे वस्तीची गाडी म्हणतात. रात्री मुक्कामाला येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या सभामंडपात अंथरूण टाकतात आणि पहाटे पावणेसहाला ती तालुक्याला निघते. गावातली कॉलेजची सगळी मुलं याच गाडीला. ही चुकली तर दुसरी थेट साडेनऊला, म्हणजे सकाळची लेक्चरं गेलीच. म्हणून अंधारातच चुली पेटतात, आणि निम्मी मुलं तोंडात काही न टाकता पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली येतात.

मीही याच गाडीनं तीन वर्षं गेले.

दुसऱ्या वर्षी माझं पोट दुखायला लागलं. गाडी खिंडीत आली की कळ यायची, कॉलेजच्या स्टॉपवर उतरले की मळमळ. आई म्हणायची, पित्त झालंय, उपाशी जाऊ नको. रोज रात्री ती मला आमसुलाचं पाणी द्यायची, वर चिमूटभर जिरं. आजीनं दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मे महिन्याची सुट्टी लागली की पोट गप्प, जूनमध्ये कॉलेज उघडलं की पुन्हा सुरू. एवढं सरळ असूनही त्याचा अर्थ कुणी लावला नाही. मीही नाही.

आज याच गाडीत बसलेल्या मुलामुलींशी बोलताना मी एकच प्रश्न विचारत गेले : ताण कुठे जाणवतो? उत्तरं शरीरातलीच मिळाली. डोकं ठणकतं. छातीत धडधडतं. केस गळतात. पाळी पुढे-मागे होते. रात्री दोनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं उत्तर : पोटात गोळा येतो.

हे मनाचे खेळ नाहीत. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकानं ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यानं थंडी, जखम, अतिश्रम अशा तऱ्हेतऱ्हेच्या त्रासांतून नेलं होतं. त्रास कुठलाही असो, शरीरात दिसायचं ते एकसारखंच. अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, आणि जठरात व्रण. जठरात! आमची आई चूक नव्हती. दुखत होतं ते पोटच. फक्त त्याचं मूळ पोटात नव्हतं.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या अधिवृक्क ग्रंथी संकटात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. पाणंदीत बिबट्या समोर आला तर पळायला बळ यावं, त्यासाठी ही सोय. हृदय वेगानं धडधडतं, रक्त हातापायांकडे धावतं, पचन बाजूला पडतं. बिबट्या गेला की सगळं जागेवर येतं. पण परीक्षेची, फीची, पुढच्या वर्षाची काळजी पाणंदीतून निघून जात नाही. ती सहा-सहा महिने तिथंच उभी असते. कॉर्टिसॉल चढा राहिला की झोप मोडते. आणि मेंदूच्या ज्या भागात आठवणी घडतात, त्या हिप्पोकॅम्पसवरही त्याचा परिणाम होतो. दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. म्हणून रात्रभर जागून वाचलेल्या मुलाला पेपर हातात आल्यावर काही सुचत नाही. ‘लक्षच नाही याचं अभ्यासात’ असं घरी म्हणतात तेव्हा मला त्या मुलाची फार कणव येते. त्याचं लक्ष होतं. रात्रभर होतं.

थोडा ताण हवाच, हेही खरं. यर्कीस आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की ताण काही मर्यादेपर्यंत शिकायला मदत करतो, पुढे मात्र शिकणंच बिघडवतो, आणि काम जितकं अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. ‘आमच्या वेळी कुठे होतं टेन्शन?’ असं म्हणणाऱ्यांनी त्यातली मर्यादेची गोष्ट लक्षात घ्यावी.

(समुद्रकिनारा. जून. वाळूत वर ओढून ठेवलेल्या, ताडपत्रीनं झाकलेल्या होड्या.)

आता कोकणाचं म्हणून जे आहे, तिकडे येऊ.

कॉलेजचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. अ‍ॅडमिशन, फी, पुस्तकं, एसटीचा पास, खोलीचं डिपॉझिट, सगळं याच महिन्यात. आणि कोकणातल्या घरात पैसा नसण्याचा महिनाही हाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशी घरी बसलेले, होड्या किनाऱ्यावर. आंब्याचा हंगाम पावसानं संपवलेला, पण वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, अजून यायची असते. शेतात बियाणं, खत, लावणीची मजुरी. ज्या दिवशी फीची शेवटची तारीख असते, त्या दिवशी बाप कुणाच्या तरी ओटीवर उसने मागायला बसलेला असतो, आणि मुलाला हे माहीत असतं. ओटीवरचं बोलणं माजघरात ऐकू येतं. असा मुलगा वर्गात बसतो तो कर्जदार होऊन बसतो. एका विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहून पुन्हा द्यावा लागला, तर त्याच्या मनात पहिल्यांदा येतो तो फॉर्मचा खर्च.

दुसरी गाठ एप्रिलची. सेमिस्टरच्या परीक्षा आणि हापूस एकदमच येतात. बागायतदाराच्या घरात त्या दिवसांत पोरगं अभ्यासाला बसलंय म्हणून त्याला काम सुटत नाही, आणि सुटू नये असं त्यालाही वाटतं. एका घरात रात्री अकराला पाहिलेलं सांगते. पडवीत पिवळा बल्ब. भाताच्या पेंढ्यावर आंबे पसरलेले. बाप एकेक फळ हातात घेऊन, देठाकडे बघून प्रतवारी लावतोय. टी.वाय.ला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा पेटीच्या तळाला पेंढा घालतो, फळं बसवतो, झाकण ठोकतो. खिळ्यांच्या डब्याखाली अकाउंट्सची वही उघडी. दोन पेट्या झाल्या की वहीत बघायचं, पुन्हा हातोडी. टेम्पो पहाटे चारला, पेपर सकाळी दहाला. त्याच्या बोटांना चीक लागून काळे डाग पडले होते. मी विचारलं, झोपणार कधी? तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, ‘टेम्पो गेल्यावर बघू.’

आणि हा हंगामही भरवशाचा राहिलेला नाही. थंडी लांबते, मोहोर उशिरा येतो, अवेळी पाऊस पडला की तो काळा पडतो, तुडतुडे पडतात, फळ गळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. नव्यानं लावलेला नारळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा सातवीत असलेलं पोर आज कॉलेजात आहे, आणि त्याच्या घरची वाडी अजून पुरती उभी नाही. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण पाण्याखाली गेलं. घराघरांतली कपाटं चिखलानं भरली. त्या शहरातल्या मुलांना आजही रात्री मोठा पाऊस लागला की झोप येत नाही. पावसाच्या प्रदेशात वाढलेल्या मुलांना पावसाची धास्ती वाटावी, हे मला अजून पचलेलं नाही.

(बोर्डाच्या निकालाची बातमी, मोबाईलच्या पडद्यावर.)

दरवर्षी निकाल लागला की एक ओळ ठरलेली : कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ च्या बारावीत कोकणाचा निकाल ९६.७४ टक्के होता. अभिमानाचीच गोष्ट आहे. मुलांनी आणि शिक्षकांनी घाम गाळून मिळवलेला हा मान आहे. पण शंभरातले सत्त्याण्णव पास होतात तिथे नापास झालेल्या तिघांचं काय होतं, आणि पंचावन्न टक्के मिळालेल्याला वाडीत कसं बघतात, हे कुणी विचारत नाही. बारावीला पंच्याऐंशी टक्के घेतलेली मुलगी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत अडकते, तेव्हा तिला वाटतं आपण सगळ्यांना फसवलं. शाळेचं मराठी माध्यम संपून एकदम इंग्रजी पुस्तकं आलेली असतात. नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), क्रेडिट कुणी नीट समजावून सांगितलेले नसतात. फसवणूक कसली? पण हे तिला सांगणार कोण?

मोबाईलबद्दल बरंच बोललं जातं. त्यात तथ्य आहे, रात्रीची झोप तोच खातो. पण माझ्या मते तो ताणाचं मूळ नाही. बऱ्याच मुलांसाठी तो ताणापासून लपायची जागा आहे.

मूळ दुसरीकडे आहे. कोकणात शिकणं म्हणजे जाणं. शंभर वर्षांहून अधिक काळ इथली घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली. गिरणगावात प्रत्येक गावाची एक खोली असायची, तिथं वीस-वीस चाकरमानी पाळीपाळीनं झोपायचे. आता मनीऑर्डर गेली, गूगल पे आलं. खोली लालबागहून दिव्याला, नालासोपाऱ्याला गेली. रीत तीच आहे. मुलगा पदवीधर झाला की पुढचा प्रश्न असतो, ‘मुंबैक कधी जातंस?’ राहिला तर ‘गावातच राहिला’, आणि हे वाक्य कोणत्या सुरात म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. मुलीला तर पदवी आणि स्थळ यांच्यात कसाबसा एक उन्हाळा मिळतो. सरकारी नोकरीची आशा धरावी, तर २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे मूल अभ्यास करतं ते घर सोडण्यासाठी, आणि त्या घरावर त्याचा जीव आहे. यश आलं तरी काहीतरी तुटणार, अपयश आलं तरी तुटणारच. हा पेच कुठल्याही टाइमटेबलमध्ये बसत नाही. मुलं याला टेन्शन म्हणतात, कारण दुसरा शब्द हाताशी नाही.

उलट्या दिशेनं आलेली मुलंही आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांत लातूर, नांदेड, अकोल्याहून मुलं येतात. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरा, ताटात रोज भात. होस्टेलच्या खिडकीतून पाऊस बघत घरची आठवण काढणाऱ्या त्या पोरांकडे आपणच लक्ष द्यायला हवं. ती आपल्याकडे आली आहेत.

(देऊळ. गाऱ्हाणं चाललं आहे. ‘होय महाराजा!’)

आमच्याकडे मनातलं बोलायची रीत नाही असं मी म्हणणार नाही. ही बघा रीत. देवासमोर एक जण उभा राहून गावातल्या कुणाकुणाचं दुखणं, अडलेलं लग्न, न लागलेली नोकरी मोठ्यानं मांडतो, आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, ‘होय महाराजा’. तुझं दुखणं आम्ही ऐकलं, असंच ते सांगणं असतं. मग वीस वर्षांच्या पोरानं ‘मला जगणं नकोसं झालंय’ म्हटलं की त्याच गावाला हसू का येतं? ‘रत्नागिरीला न्यायला हवं याला’ असं का म्हटलं जातं? रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. किती पिढ्यांना तिथं आधार मिळाला असेल. त्याच्या नावाची आपण शिवी करून ठेवली, आणि मदतीची वाट स्वतःच्याच हातानं बंद केली.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, १,७६४. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात तो आहे का, हे प्राचार्यांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पालकांनीही विचारावं.

तोवर एक नंबर लिहून घ्या : १४४१६. टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, केंद्र सरकारची सेवा, पैसे लागत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही लावा, मराठीत बोलता येतं. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर त्याला एकटं सोडू नका आणि नंबर तुम्हीच लावून द्या. घरात रेंज नसेल तर त्याच्याबरोबर सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर चढा. रिझल्ट बघायला चढताच ना.

(रात्र. परतलेली वस्तीची गाडी. देवळात दिवा.)

माझं पोट थांबलं कसं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या सेमिस्टरच्या आधी एका रात्री आई नेहमीसारखी पेला घेऊन आली. मी तो हातात घेतला आणि पिऊ शकले नाही. म्हटलं, ‘आई, पित्त नाही ग हे. मला भीती वाटते. मी नापास होणार असं रोज वाटतं.’ आई काही बोलली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, एवढं सगळं करतोय तुझ्यासाठी आणि तुला भीती कसली. तिनं पेला माझ्या हातातून काढून खाली ठेवला, दिवा बारीक केला आणि माझ्या अंथरुणावर भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘कधीपासून गो बाय?’

मी सांगायला लागले. पहाटे गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हाही आम्ही बोलतच होतो.