बटणाचा सूर ओळखणारी चिप

मित्रहो, फोनवर 5 चं बटण दाबलं की जो आवाज येतो, तो एक सूर नसतो. 770 आणि 1336 हर्ट्झ असे दोन सूर एकदम वाजतात. कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला खालच्या पट्टीतला एक सूर, प्रत्येक उभ्या रांगेला वरच्या पट्टीतला एक. 1963 साली अमेरिकेत बेल सिस्टीम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहानं ही पद्धत ग्राहकांच्या हाती दिली आणि पुढे डीटीएमएफ (ड्युअल-टोन मल्टि-फ्रिक्वेन्सी) या नावानं ती जगभर पसरली.

हे सूर तयार करणं फारसं अवघड नाही. टीसीएम 5089 सारखी चिप 3.579545 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या (ठरावीक वेगानं कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या) कंपनांना पूर्णांकांनी भागत खाली येते आणि पायऱ्यापायऱ्यांची साइन लहर काढते. हा क्रिस्टल अमेरिकी रंगीत टीव्हीसाठी ढिगानं बनत होता, म्हणून स्वस्त. भागाकार नेमका बसत नाही; 697 हर्ट्झच्या जागी 701.3 मिळतात. तेवढं खपून जातं.

खरी कसोटी ऐकणाऱ्या चिपची. ज्या तारेवरून बटणाचे सूर येतात, त्याच तारेवरून माणूस बोलतही असतो. बोलता बोलता एखादा स्वर बटणासारखा भासला आणि यंत्रानं तो अंक धरला, तर कॉलचा विचका होतो. म्हणून माझ्या मते या चिपचं मोठेपण ती काय ओळखते यापेक्षा ती काय नाकारते, यात आहे.

एक उदाहरण घेऊ. कुणी उंच आवाजात 697 हर्ट्झवर ‘आ’ लावला. आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनंही असतातच. दुप्पट म्हणजे 1394. आता वरच्या पट्टीतले सूर पाहा: 1209, 1336, 1477, 1633. आपला 1394 बरोबर 1336 आणि 1477 यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला; 1336 पासून सव्वाचार टक्क्यांहून जास्त दूर. चिप साधारण दीड टक्क्यापर्यंतची चूक चालवून घेते, साडेतीन टक्क्यांपलीकडचं नाकारते. 770 ची दुप्पट 1540, तीही दोन सुरांच्या मध्येच. हे आकडे ज्यांनी निवडले, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. अर्धी लढाई त्यांनी चिप जन्माला येण्याआधीच जिंकून ठेवली होती.

उरलेली अर्धी मायटेल कंपनीच्या एमटी 8870 या सूर ओळखणाऱ्या चिपनं लढली. अठरा पायांची ही चिप आधी डायल टोन गाळते, मग दोन फिल्टर लावून वरची आणि खालची पट्टी वेगळी करते. दोन्हीकडच्या लहरींचे चौकोनी ठोके करून त्यांचा कालावधी मोजते. जोडी जुळली की ईएसटी नावाची पिन (चिपचा एक पाय) वर जाते, म्हणजे तिच्यावरचा व्होल्टेज चढतो. पण इथेही चिप घाई करत नाही! बाहेर जोडलेला कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होत जातो, तसा त्यांच्या जोडावरचा व्होल्टेज चढतो, आणि तो ठरलेली पातळी गाठेपर्यंत सूर टिकला तरच अंक पक्का होऊन एसटीडी पिन वर जाते. शब्दातला स्वर मध्येच जुळला तरी बहुधा तेवढा वेळ टिकत नाही. गोंगाटाच्या लाइनवर खोटे अंक येत असतील, तर कोडला हात लावण्याआधी हा रेझिस्टर वाढवून पाहा. मात्र बेतानं, फार वाढवलात तर भराभर दाबलेली खरी बटणंही निसटतील.

प्रयोगाला बसाल तेव्हा आणखी एक लक्षात ठेवा. 0 दाबल्यावर चिपच्या आउटपुटला जोडलेल्या चार एलईडींवर 1010 दिसेल, म्हणजे बायनरीत दहा. वायरिंग उपसत बसू नका. जुन्या फिरत्या डायलवर बहुतेक ठिकाणी शून्याचे दहाच ठोके पडायचे. 0000 हवं असेल, तर सोळा बटणांच्या कीपॅडवरचं डी दाबावं लागेल.